बातच्या कबरी आणि खापराचा एक तुकडा

दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनात मंडळातल्या दोन कुटुंबांनी इजिप्तच्या सहलीचे फोटो दाखवले, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. लक्सरची देवळे, नाईलच्या पश्चिम तीरावरची राजांची थडगी, अस्वानला बोटीत बसून घेतलेला चहा. फोटो संपले, समोसे आले, आणि जो तो एकच म्हणत होता, "आयुष्यात एकदा गेलेच पाहिजे!" आमच्या घरीही पुढचे चार दिवस तोच विषय. विमानाची तिकिटे, व्हिसा, हॉटेल, चार माणसे, असा हिशेब कागदावर मांडला आणि मग कागदाची घडी करून तो ड्रॉवरमध्ये ठेवला. सौ. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." मराठी घरात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगायला नको.

त्याच संध्याकाळी नागपूरचे एक काका, ज्यांना मस्कतला येऊन पंचवीस वर्षे झाली, मोठ्याने म्हणाले होते, "अरे, पिरॅमिडच्याही आधीच्या कबरी इथे साडेतीन तासांवर आहेत. बात आणि अल-ऐन. किती जणांनी पाहिल्यात?" सभागृहात दोन हात वर झाले. त्यातला एक काकांचाच होता.

मग काय, सहल ठरली. जानेवारीतला शुक्रवार, पाच गाड्या, सात कुटुंबे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू आणि चहाचे तीन मोठे थर्मास. त्या सहलीचा हा वृत्तांत. पण तो नेहमीसारखा एका दिवसात संपला नाही. आम्हाला दोन आठवड्यांनी पुन्हा बातला जावे लागले. का, ते पुढे येईलच.

नाईल नाही, वाडी आहे

पहाटे पाचला रूवीहून निघालो. समाईलच्या खिंडीतून नजवाच्या रस्त्याला लागेपर्यंत उजाडले. न्याहारी बिर्कत अल-मौझला, फलजच्या काठी. डोंगराच्या पोटातले पाणी उताराने वाहत खजुरीच्या बागांना पोचवणारा हा पाट आपल्याकडच्या पाटांसारखाच, पण बराचसा जमिनीखालून येणारा. ओमानमधले असे पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातला अल-खतमैन हा इथलाच. मुलांनी त्यात पाय बुडवले, मोठ्यांनी चहा घेतला.

इजिप्तला नाईल आहे. अस्वानचे मोठे धरण १९७० साली पुरे होईपर्यंत दर उन्हाळ्यात तिला पूर यायचा, गाळ पसरायचा आणि त्यावर पिके उभी राहायची. इथे अशी नदी नाही. इथे आहे ती वाडी. (आपली सावंतवाडी नव्हे!) वर्षातले बहुतेक दिवस नुसते गोटे आणि वाळू. डोंगरात पाऊस पडला की तासाभरात पाण्याचा लोंढा येतो, गाडी वाहून नेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोटे. पण गोट्यांखाली पाणी मुरलेले असते. विहीर खणली की लागते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे ओळखले. वाडीच्या काठी खजूर, जव आणि गहू लावले, वस्ती केली आणि आपली माणसे गेली की वस्तीवरच्या टेकडीवर त्यांच्यासाठी दगडी घरे बांधली. नाईलच्या काठी जे घडले तेच इथेही. फक्त पाणी कमी, म्हणून सगळेच लहान मापाचे.

नजवा आणि बहलाचा किल्ला मागे टाकून इब्रीच्या दिशेने गेले की अल-ऐनचा फाटा लागतो. (अमिरातीतले अल-ऐन वेगळे. मागच्या वर्षी एक कुटुंब तिकडे निघाले होते म्हणून लिहितो.) बहलाचा किल्ला १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. बात, अल-खुत्म आणि अल-ऐन ही तिन्ही स्थळे मिळून पुढच्याच वर्षी, १९८८ साली. म्हणजे यादीवर ती पिरॅमिडच्याच पंगतीत बसली आहेत. फक्त आपल्याला वाढप्याने सांगितले नाही.

अल-ऐनचे एकवीस

वळण घेतले आणि गाडीतली बडबड थांबली. मागे जबल मिश्तचा उभा कडा. मिश्त म्हणजे कंगवा, आणि डोंगर खरोखरच कंगव्याच्या दात्यांसारखा दिसतो. त्याच्या पुढ्यात एक बुटकी टेकडी, आणि टेकडीच्या धारेवर एका ओळीत दगडी कबरी. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यासारखा आकार. मोजल्या तर एकवीस. इथल्या लोकांच्या तोंडी यांचे नाव कुबूर जुह्हाल, म्हणजे अजाण लोकांच्या कबरी. धर्म कळण्याआधी होऊन गेलेल्या माणसांच्या, असा त्याचा भाव. आपल्या कानावरून गेलेला 'जाहिल' शब्द तो हाच.

जवळ गेल्यावर कळते की यात ना चुना आहे ना माती. चपट्या दगडांचे थर एकावर एक, प्रत्येक थर किंचित आत सरकवलेला, त्यामुळे भिंती वर जाताना जवळ येत जातात. भिंत दुहेरी. खाली वाकून जावे लागेल एवढे लहान दार. तज्ज्ञ या प्रकाराला हाफीत काळातल्या कबरी म्हणतात. अमिरातीतल्या जबल हाफीतच्या पायथ्याशी अशा कबरी आधी खणल्या गेल्या, त्यावरून हे नाव. काळ साधारण इ.स.पू. ३२०० ते २७००. इजिप्तमधला पहिला पिरॅमिड, सक्काऱ्याचा पायऱ्यांचा, इ.स.पू. २७००च्या आगेमागे उभा राहिला आणि गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्या शतकभर नंतर. म्हणजे काकांचे म्हणणे खरे होते.

राजाचे नाव मात्र इथे कुठेच नाही. भिंतीवर लेख नाही, चित्र नाही, सोन्याचा मुखवटा नाही. अशा एका कबरीत बहुधा मोजकीच माणसे ठेवत, एकाच घरातली असावीत. एक वहिनी बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "इजिप्तमध्ये राजा दिसला. इथे शेजारी दिसतात." आम्हाला हे फार पटले.

बात

तिथून वीसेक किलोमीटरवर बात. खजुरीचे बन, गाव, आणि गावाबाहेर मैदानभर पसरलेले दगडांचे ढीग. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल की कोणीतरी खडी टाकून ठेवली आहे. मंडळातल्या एका तरुणाने तसे म्हटलेही. पण हळूहळू नजर बसते आणि ढिगांतून वर्तुळे दिसू लागतात. शंभराहून अधिक कबरी इथे आहेत. वर उतारावर अल-ऐनसारख्या जुन्या, आणि खाली सपाटीला त्यानंतरच्या, उम्म अन-नार काळातल्या, म्हणजे इ.स.पू. २७०० ते २००० या काळातल्या. हे नाव अबू धाबीजवळच्या एका बेटाचे. तिथे १९५९ साली डॅनिश पथकाने अशा कबरी उघडल्या.

दोन्हींतला फरक मुलांनाही कळला. जुन्या कबरी उंच जागी, ओबडधोबड दगडांच्या. नंतरच्या मोठ्या, गोल, बाहेरून पांढऱ्या घडीव चिऱ्यांनी सजवलेल्या, आत भिंती घालून खोल्या केलेल्या. आणि त्यात माणसे मोजकी नाहीत. पिढ्यानपिढ्या एकाच कबरीत ठेवलेली, डझनांनी, कुठे शेकड्यांनीही. नवे माणूस आले की आधीच्यांची हाडे बाजूला सारायची आणि जागा करायची. आपल्याकडच्या चाळीत जसे पाहुणे आले की सगळे भिंतीकडे सरकतात, तसेच.

कबरींखेरीज बातला गोल दगडी बुरुजही आहेत. वीसेक मीटर व्यासाचे, आणि अनेकांच्या मध्यभागी विहीर. अल-खुत्मचा बुरूजही याच जातीचा. पाण्याच्या राखणीसाठी, साठवणीसाठी, की गावकीच्या बैठकीसाठी, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. आम्ही पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारे केमिस्ट. विहिरीभोवती एवढी भिंत बांधणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर वाटला, एवढेच सांगतो.

बातचा शोध डेन्मार्कच्या कारेन फ्रिफेल्ट या बाईंनी १९७०च्या दशकात उत्खनन करून जगापुढे आणला. पुढे बोखुमच्या जर्मन खाणकाम संग्रहालयाच्या लोकांनी ओमानमधल्या तांब्याच्या जुन्या खाणी आणि भट्ट्या शोधल्या. नंतर इथे काम केले अमेरिकेच्या ग्रेगरी पॉसेल यांनी, ज्यांनी आधी गुजरातेत रोजडीची हडप्पाकालीन वस्ती खणली होती. गुजरातेतून ते इथे का आले असतील? याचे उत्तर तांब्यात आहे.

इराकमधल्या मातीच्या विटांवर मगन नावाच्या देशाचा उल्लेख येतो. तिथून तांबे आणि काळा कठीण दगड येई. हे मगन म्हणजे ओमान आणि आसपासचा भाग, असे आज बहुतेक विद्वान मानतात. अक्कादचा राजा सारगॉन (इ.स.पू. २३००च्या सुमाराचा) अभिमानाने सांगतो की मेलुहा, मगन आणि दिलमुनची गलबते आपल्या धक्क्याला लागतात. दिलमुन म्हणजे बहारीनच्या बाजूचा प्रदेश, आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोरे. थोडक्यात, आपली माणसे! ओमानच्या पूर्व टोकाला रास अल-जिन्झ इथे फ्रेंच आणि इटालियन संशोधकांना सिंधू लिपीची अक्षरे कोरलेली खापरे मिळाली, शिवाय डांबराचे तुकडे, ज्यांच्या एका बाजूला बोरूच्या मोळ्यांचे ठसे आणि दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या शिंपल्यांचे अवशेष. म्हणजे बोटींना लावलेले डांबर ते. उम्म अन-नार काळातल्या कबरींतून सिंधू खोऱ्यातले लाल अकीकाचे मणीही निघाले आहेत. २००५ साली तशीच बोरूची बोट बांधून सूरहून गुजरातेतल्या मांडवीला निघाली होती. थोड्या अंतरावर पाणी शिरून ती बुडाली, माणसे मात्र सुखरूप वाचली. चार हजार वर्षांपूर्वीचे नावाडी किती पाण्यात होते, ते आपल्याला त्या दिवशी कळले!

मंडळाच्या सभेत कोणीतरी दरवर्षी म्हणते, "आपण इथे पैशासाठी आलोय, मुक्काम थोडाच करायचाय!" वाटले, मेलुहाचे नावाडीही असेच म्हणत असतील.

दाताची गोष्ट

आमचे चिरंजीव तिसरीत आहेत. त्यांचा पुढचा एक दुधाचा दात आठवडाभर हलत होता. जेवणाच्या वेळी बातच्या खजुरीच्या सावलीत डिंकाच्या लाडवाने त्याचा निकाल लावला. थोडे रक्त, थोडे रडणे, मग सगळ्यांना दात दाखवत फिरणे. काकूंनी सांगितले, कौलावर टाकायचा. मस्कतच्या फ्लॅटला कौले कुठली? शेवटी दात आगपेटीत गेला.

त्यावरून मुलांना जे सांगितले ते इथेही लिहितो, कारण नंतर बऱ्याच पालकांनी विचारले. स्ट्रॉन्शियम नावाचे एक मूलद्रव्य कॅल्शियमचा भाऊबंद आहे. खडकातून ते पाण्यात येते, पाण्यातून पिकात, आणि आपल्या पोटातून हाडांत आणि दातांत. निसर्गात त्याचे चार प्रकारचे अणू असतात, त्यांना समस्थानिके म्हणतात. त्यातल्या दोघांचे परस्परांशी प्रमाण जागोजागच्या खडकाप्रमाणे थोडे बदलते. दख्खनच्या काळ्या पाषाणात ते कमी, समुद्राच्या पाण्यात त्याहून जास्त. दाताचे वरचे कठीण आवरण लहानपणी एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही. त्यामुळे माणूस कुठल्या पाण्यावर वाढला, याची नोंद त्याच्या दातात राहते. मेल्यानंतर चार हजार वर्षांनीसुद्धा.

अमिरातीच्या बाजूच्या उम्म अन-नार कबरींतल्या दातांवर अशा तपासण्या झाल्या आहेत. त्यातली बहुतेक माणसे जवळपासच वाढलेली निघाली. पण थोडी बाहेरची होती. त्यांचे बालपण दुसऱ्या कुठल्या पाण्यावर गेले होते. तरीही त्यांना वेगळी कबर नव्हती. गावातल्या सगळ्यांबरोबर, त्याच वर्तुळात, त्याच हाडांत ती मिसळली होती.

हे ऐकून चिरंजीवांनी विचारले, "बाबा, माझा दात कुठला?" प्रश्न साधा नव्हता. सौ. सातव्या महिन्यात सांगलीला माहेरी गेल्या आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर परत आल्या. पुढच्या दुधाच्या दातांचे आवरण आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होते. म्हणजे पडलेला दात थोडा मस्कतचा आणि थोडा सांगलीचा. पण त्याच्या जागी येणारा दात पुढच्या चार-पाच वर्षांत घडला, तो मस्कतच्या पाण्यावर. आणि मस्कतला १९७६ पासून समुद्राचे पाणी गोडे करून देतात. (आता आपण तांदूळ भारताचा, दूध सौदीचे आणि सफरचंदे कुठली कुठली खातो, त्यामुळे आजच्या माणसावर ही तपासणी तितकी चोख लागू पडणार नाही. केमिस्ट म्हणून हे सांगणे भाग आहे.) आम्हा दोघांच्या दातांत कृष्णा, मुलाच्या नव्या दातात ओमानचा समुद्र. सौ. म्हणाल्या, "म्हणजे हा खरा इथलाच." आणि मग गाडीत बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

धुण्यातून निघालेला तुकडा

रविवारी धुणे टाकताना चिरंजीवांच्या पँटच्या खिशातून खापराचा एक तुकडा निघाला. दोन बोटांएवढा, लाल, आणि त्यावर काळ्या रंगाची एक बारीक रेघ. विचारल्यावर कळले, बातच्या कबरीशेजारून उचललेला. "तिथे खूप होते. एकच घेतला."

खरे सांगायचे तर आमची पहिली चूक ही, की आम्ही रागावलोच नाही. उलट तुकडा हातात घेऊन खिडकीपाशी नेला. भाजणी किती चांगली, रेघ किती सफाईची, रंगात मँगनीज असेल की लोह, असे विचार डोक्यात सुरू झाले. प्रयोगशाळेत नेऊन पाहावे असेही वाटले. तोंडातून निघून गेले, "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?"

सौ.नी शांतपणे विचारले, "आपण सात कुटुंबं गेलो होतो. प्रत्येक मुलाने एक उचलला असता तर?"

याला उत्तर नव्हते. अल-ऐनच्या कबरी अजून उभ्या आहेत आणि बातच्या अनेक कबरींचे नुसते ढीग झाले आहेत, याचे एक कारण आम्ही त्याच दिवशी मुलांना सांगितले होते. खालच्या कबरींचे पांढरे घडीव चिरे आयते मिळत, म्हणून नंतरच्या लोकांनी ते घरे-भिंती बांधायला नेले. नेणाऱ्या प्रत्येकाने एकच दगड नेला असेल. त्याला घर हवे होते, त्याला दोष देता येणार नाही. आम्हाला तर घरही बांधायचे नव्हते.

शिवाय खापर कुठे पडले होते हेच त्याचे निम्मे मोल. कबरीच्या दाराशी, की विहिरीजवळ, की घराच्या उंबऱ्याशी, यावरून जाणकार काळ आणि वापर ठरवतात. जागेवरून हलले की ती नुसती खापरी, मस्कतच्या शोकेसमधली. बिनलेबलाच्या बाटलीतला नमुना प्रयोगशाळेत आम्ही सरळ फेकून देतो. हे दिवसभर नोकरीत सांगणारा माणूस घरी खिडकीपाशी उभा राहून काय करत होता? ओमानच्या २०१९ च्या सांस्कृतिक वारसा कायद्याची गोष्ट वेगळीच. आपण या देशात पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने घरातली वस्तू खिशात घालू नये, हे समजायला कायदा वाचावा लागत नाही.

चिरंजीवांना वाटले आता पोलीस येणार, आणि ते रडू लागले. सौ.नी त्यांना जवळ घेतले. ठरले की तुकडा जिथला तिथे ठेवायचा. जागा नक्की सापडेल का? नशिबाने एका फोटोत चिरंजीव त्याच कबरीशेजारी उकिडवे बसलेले होते, मागे एक तिरका चिरा आणि दूर खजुरीचे दोन माड. तो फोटो घेऊन दोन आठवड्यांनी आम्ही चौघे निघालो. जाऊन-येऊन जवळपास सहाशे किलोमीटर. ऑफिसातल्या एका मित्राने वेड्यात काढले, तेही नमूद करतो.

बातला पोचलो तेव्हा एक म्हातारे ओमानी गृहस्थ बकऱ्या घेऊन चालले होते. आम्ही फोटो घेऊन जमिनीकडे बघत फिरतोय म्हणून थांबले. सलाम-दुआ झाली. त्यांना मोडकी हिंदी येत होती, आम्हाला त्याहून मोडकी अरबी. सगळे सांगितले. त्यांनी तुकडा हातावर घेऊन पाहिला, चिरंजीवांकडे पाहिले, आणि म्हणाले, "रखो बेटा, जहाँ था वहाँ रखो." मग स्वतःच तिरका चिरा शोधून दिला. चिरंजीवांनी तुकडा खाली ठेवला. उलटा पडला तो नीट केला. काळी रेघ वर.

मग हळूच विचारले, "बाबा, मी माझा दात पण इथे ठेवू?" आगपेटी खिशात होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. क्षणभर काय बोलावे कळेना. शेवटी म्हटले, "नको रे. पुढे कोणी तपासला तर बिचारा गोंधळून जाईल. बातच्या कबरीत सांगलीचं पाणी कसं आलं म्हणून." म्हाताऱ्या गृहस्थांना हे कसेबसे समजावून सांगितले, तर ते खो-खो हसले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात चारच दात होते. घरी नेऊन खजूर आणि काहवा पाजल्याशिवाय त्यांनी सोडले नाही.

आपल्याकडेही

परतल्यावर नागपूरच्या काकांना हे सांगितले. ते थोडे ओशाळून म्हणाले, "तुला एक सांगतो. नागपूरहून काटोल रस्त्याला जुनापाणी आहे. तिथे दगडांची शेकडो वर्तुळं आहेत, लोहयुगातली, खाली माणसं पुरलेली. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती खणून पाहिली. मी पंचवीस वर्षं नागपुरात वाढलो आणि एकदाही गेलो नाही. बातला मात्र चार वेळा."

आपल्यापैकी कितीजणांची हीच गत असेल! पुण्याकडच्या मंडळींनी इनामगावचे नाव ऐकले असेल. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बारा हंगाम उत्खनन केले. घोडनदीच्या काठच्या त्या शेतकऱ्यांनी आपली गेलेली लहान मुले दोन मातीचे घडे तोंडाला तोंड लावून त्यात ठेवली आणि घराच्या जमिनीखालीच पुरली. लेकरू घरातच राहावे म्हणून असेल. बातचे लोक आणि इनामगावचे लोक एकमेकांना ओळखत नव्हते, त्यांच्यात हजारभर वर्षांचे अंतर. पण माणूस गेल्यावर त्याला जवळ ठेवण्याची धडपड तीच.

आपण इथून कधी ना कधी परत जाणार. आपल्यामागे इथे दगड राहणार नाही, नावही राहणार नाही. मुलांच्या दातांत मात्र इथले पाणी जाईल, ते जिथे जातील तिथे. एवढे या देशाने दिले असताना निदान त्याची एक खापरी जागच्या जागी ठेवावी, इतकेच आम्हाला म्हणायचे आहे.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मस्कतहून पहाटे निघावे, आधी अल-ऐन आणि मग बात करावे. पेट्रोल बहलाला भरून घ्यावे, पाणी माणशी तीन लिटर ठेवावे, आणि बूट घालावेत, चपला नकोत. आकाशात ढग असतील तर वाडीतून गाडी घालू नये, सहल पुढे ढकलावी. कबरींवर चढू नये, दगड रचून मनोरे करू नयेत. परतताना वेळ असेल तर नजवाजवळ मनाह इथे २०२३ साली उघडलेले 'ओमान अक्रॉस एजेस' संग्रहालय पाहावे, म्हणजे बातला जे ढीग दिसले ते काय होते हे मुलांना कळते. ज्यांना तेवढे जमत नाही त्यांच्यासाठी जुन्या मस्कतचे राष्ट्रीय संग्रहालय आहेच.

फोटो झेरॉक्समध्ये काळा डागच येतो असा मागच्या अंकाचा अनुभव आहे, म्हणून या वेळी फोटोऐवजी शेवटच्या पानावर हाताने काढलेला रस्त्याचा नकाशा दिला आहे. तो काढला आहे चिरंजीवांनी, त्यामुळे बकऱ्या थोड्या मोठ्या झाल्या आहेत. फेब्रुवारीअखेर दुसरी सहल काढण्याचा विचार आहे. नावे कार्यकारिणीकडे द्यावीत. निघण्याआधी आणि परतल्यावर मुलांचे खिसे तपासले जातील. मोठ्यांचेही!